मुलाला उत्तरेकडच्या रिझर्ववर चर्चच्या कॅम्पला पाठवू का? (मॅनिटोबा, कॅनडा)

नगरकरीण | ९ मे

मंडळी नमस्कार, लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही विनिपेगला राहतो, अकरा वर्षं झाली. मूळचे नगरचे, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझी आई शब्बाथ शाळा घ्यायची, मी तिच्याच चटईवर बसून वचनं पाठ केलीत. लेक सतरा वर्षांचा आहे. इथल्या आमच्या चर्चमधून दर जुलैमध्ये दहा-बारा जण उत्तरेला एका रिझर्ववर, म्हणजे इथल्या आदिवासींसाठी राखीव जमिनीवरच्या गावात, जातात आणि आठवडाभर मुलांचा कॅम्प घेतात. सकाळी गाणी, बायबलमधली गोष्ट, क्राफ्ट, दुपारी खेळ, संध्याकाळी मोठ्या पोरांसाठी शेकोटी आणि साक्षी, म्हणजे आपापल्या विश्वासाचे अनुभव सांगणं. आयलंड लेक भागातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं बारमाही रस्ता नाही, उन्हाळ्यात विमान आणि थंडीत तळी गोठली की बर्फावरून करतात तो विंटर रोड, एवढंच. यंदा लेकाने नाव दिलंय, आणि स्वयंपाकाला माणूस कमी पडतंय म्हणून मलाही विचारलंय.

आता अडचण. कॅनडात आले तेव्हा मला निवासी शाळा म्हणजे रेसिडेन्शियल स्कूल हा प्रकारच माहीत नव्हता. २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या शाळेच्या आवारात रडारने जमीन तपासली आणि तिथं नोंद नसलेल्या कबरी असाव्यात असं जाहीर झालं, तेव्हा मी पहिल्यांदा बसून वाचलं. सरकारचा पैसा आणि चर्चचा कारभार. आदिवासींची पोरं आईबापांपासून तोडून न्यायची, केस कापायचे, स्वतःच्या भाषेत बोललं की मार. मी वृद्धाश्रमात काम करते, तिथं माझ्यासोबत एक क्री (इथल्या एका आदिवासी समाजातली) बाई आहे, तिची आई अशाच शाळेतली. एकदा बोलता बोलता ती म्हणाली "तुमच्या चर्चने". मी पटकन म्हणाले, अगं माझं चर्च नगरचं, आमचा काय संबंध. ती गप्प बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण गाणी तर तीच आहेत ना, वचनंही तीच.

लेक म्हणतो आई, मी पोरांशी खेळायलाच चाललोय. त्याचं मन साफ आहे, मला माहितीये. पण पाठवू का? आणि मी जाऊ का? ज्यांनी तिकडे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रश्न_आहे | ९ मे

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जवळजवळ दीड लाख मुलं त्या शाळांमधून गेली, शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे त्यातली काही माणसं आज चाळिशी-पन्नाशीतच आहेत, इतकं ताजं आहे हे. त्यांच्या पॉटलॅचसारख्या विधींवर कायद्याने बंदी होती ती १८८४ च्या दुरुस्तीपासून थेट १९५१ पर्यंत. आणि आता त्याच लोकांच्या नातवंडांना परत एकदा शहरातले लोक येऊन गोष्टी सांगणार, गाणी शिकवणार, आईबाप आसपास नसताना. नाव कॅम्प असो नाहीतर शाळा, पोराच्या मनाला काय फरक कळतो? खेळायचंच असेल तर नुसते खेळा, पोहायला शिकवा, सायकली दुरुस्त करून द्या. बायबल घरी ठेवा.

उत्तरायण | १० मे

उत्तर मॅनिटोबात सहा वर्षं शाळेत शिकवलंय म्हणून लिहितो. प्रश्न_आहे यांचे आकडे बरोबर आहेत. पण तिकडे ख्रिस्ती धर्म फक्त बाहेरून येतो हा समज चुकीचा आहे.

नॉर्वे हाउसला १८४० साली जेम्स इव्हान्स नावाचा मेथडिस्ट मिशनरी आला, त्याने क्री भाषेसाठी लिपी चालवली. एकच खूण चार दिशांना फिरवायची आणि दिशेप्रमाणे स्वर बदलायचा. एक साधा कोन घ्या, उघडी बाजू वर केली की पे, खाली केली की पी, टोक उजवीकडे की पो, डावीकडे की पा. आपल्या बाराखडीसारखंच वाटतं ना? यावर देवनागरीचा प्रभाव असावा असं अभ्यासक मानतात, शॉर्टहँडचाही. मला हे कळलं तेव्हा वर्गातल्या फळ्यावर आपली बाराखडी लिहून दाखवली होती, पोरांनी ती खूण फिरवून वाचायचा प्रयत्न केला. इव्हान्सने चहाच्या पेट्यांमधलं शिसं वितळवून टाइप ओतले आणि १८४१ मध्ये स्तोत्रांचं पुस्तक काढलं. क्री लोकांत मात्र परंपरा अशी आहे की ही लिपी मिशनऱ्याने दिलीच नाही, ती त्यांच्यातल्याच एका माणसाला आत्म्यांच्या जगातून मिळाली. मी दोन्ही ऐकलंय आणि वर्गात दोन्ही सांगायचो.

ती स्तोत्रं आजही म्हणतात. गावात कोणी गेलं की रात्र रात्र मयताजवळ बसून क्रीमध्ये गातात, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावातलं भजनी मंडळ आठवलं, कोणाकडे मयत झालं की टाळ घेऊन जाऊन बसतात तसंच. गॉस्पेल जँबोरी म्हणजे तर जत्राच, हॉलमध्ये गिटार आणि एकामागून एक माणूस उठून गातोय.

आणि एलायजा हार्पर. तुम्ही जिथं चाललाय त्याच आयलंड लेक भागातल्या रेड सकर लेकचे, तिथले चीफ होते, मग आमदार. जून १९९० मध्ये विधानसभेत हातात गरुडाचं पीस धरून त्यांनी संमती नाकारली आणि मीच लेक करार अडला, अख्ख्या देशाची घटनादुरुस्ती. कारण त्यात आदिवासींना विचारलंच नव्हतं. स्वतः निवासी शाळेत शिकलेले, स्वतः ख्रिस्ती, आणि १९९५ मध्ये चर्चवाले आणि पारंपरिक वडीलधारे यांना एकत्र बसवायला त्यांनीच सेक्रेड असेंब्ली बोलावली. पीस आणि बायबल एकाच माणसाकडे.

नगरकरीण ताई, म्हणून माझा प्रश्न एवढाच की तुम्हाला बोलावलंय कोणी? गावातल्या चर्चने, चीफ आणि कौन्सिलने, की तुमच्या टीमने विनिपेगला बसून ठरवलंय?

प्रश्न_आहे | १० मे

उत्तरायण, माहितीबद्दल आभार, लिपीचं माहीत नव्हतं. पण मोठ्या माणसाने स्वतः निवडणं वेगळं आणि आठ वर्षांच्या पोराला शेकोटीजवळ "येशूला स्वीकारतो" म्हणून हात वर करायला लावणं वेगळं. या दुसऱ्यावर मी ठाम आहे.

नगरकरीण | १० मे

प्रश्न_आहे, राग नाही आला. पण एक सांगते, "बायबल घरी ठेवा" म्हणणं सोपं आहे, माझ्यासाठी ते डब्यासारखं घरी ठेवून जायची वस्तू नाही. मी गेले तर माझ्यासकट जाईन. आमच्या नगरलाही अमेरिकन मिशन १८३१ मध्ये आलं, आणि तरी रेव्हरंड टिळकांची पदं आम्ही टाळ-मृदंगावर म्हणतो, ती कोणी परकी म्हणली तर मला लागतं. हात वर करायला लावण्याबद्दल मात्र तुमचं पटतंय.

उत्तरायण दादा, विचारते चर्चमध्ये.

तोरणमाळ | ११ मे

मी पावरा आहे, धडगाव तालुक्यातला. सध्या नाशिकला नोकरी. कॅनडा पाहिला नाही पण कॅम्प ज्यांच्याकडे येतो ती बाजू मला माहीत आहे म्हणून लिहितो.

आमच्या पाड्यावर लहानपणी सगळे येऊन गेले. कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, दोन-तीन वेगवेगळ्या धर्माच्या संस्था, पुण्या-मुंबईचे ग्रुप. सगळ्यांकडे एकसारखे टी-शर्ट, बिस्किटं आणि कॅमेरा. आम्हाला रांगेत बसवायचे, टाळ्या वाजवायला शिकवायचे, आम्हीही वाजवायचो, मजा यायची खोटं कशाला सांगू. एक दादा होता, त्याने मला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. म्हणाला पुढच्या वर्षी येतो. मी पुढच्या वर्षी त्या दिवसांत रोज वाटेवर जाऊन बसायचो. आई म्हणायची कोणाची वाट बघतो रे. तो काही आला नाही, दुसरेच आले, तेच टी-शर्ट घालून.

आश्रमशाळेत गेलो तर पावरीत बोललं की सर कान धरायचे. मारून टाकलं नाही कोणी, पण सातवीपर्यंत मला वाटायचं की आमची भाषा म्हणजे काहीतरी चुकीचं मराठी आहे. हे मनातून जायला खूप वर्षं लागली.

ताई तुमच्या मुलाला जाऊ द्या किंवा नका जाऊ देऊ. पण गेला तर "पुढच्या वर्षी येतो" हे शब्द त्याने खरं असेल तरच म्हणावेत. एवढंच.

नगरकरीण | ११ मे

तोरणमाळ दादा, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही पण समजतं. काही बोलला नाही, उठून आपल्या खोलीत गेला.

वाळवंटातली_नर्स | १२ मे

मी ॲलिस स्प्रिंग्सला आहे, मध्य ऑस्ट्रेलिया. इथं एर्नाबेला म्हणून गाव आहे, आता पुकाचा म्हणतात. १९३७ मध्ये डॉ. चार्ल्स ड्युगिड यांच्या आग्रहामुळे प्रेस्बिटेरियन मिशन सुरू झालं, आणि धोरण त्या काळाच्या मानाने वेगळंच होतं, धर्माची जबरदस्ती नाही, लोकांच्या चालीरीतींत ढवळाढवळ नाही, आणि आलेल्या गोऱ्यांनीच पितजंतजारा भाषा शिकायची. शाळेत मुलांना आधी त्यांच्या भाषेत शिकवायचे. पुढे तिथला कॉयर नावाजला. इथल्या बायका अजून त्याच भाषेत चार सुरांत गातात, मी क्लिनिकच्या पायरीवर बसून ऐकलंय, अंगावर काटा येतो. म्हणजे सगळीकडे एकच गोष्ट घडली नाही. पण म्हणून मिशनच्या काळात सगळं गोड होतं असंही कोणी इथं म्हणत नाही.

तुमच्या टीममधल्या कोणाला तिथल्या भाषेतली दहा वाक्यं येतात का? नसतील तर जुलैपर्यंत वेळ आहे.

डॉक्टरीण_बाई | १२ मे

थोडं व्यवहाराचं. मुलांबरोबर काम म्हणजे सगळ्यांचा पोलिस चेक हवा, मॅनिटोबात चाइल्ड अब्यूज रजिस्ट्रीचाही चेक असतो, तुमच्याकडे मागितला नसेल तर तेवढ्यावरूनच नाही म्हणा. मुलांचे फोटो सोशल मीडियावर अजिबात नकोत. बऱ्याच रिझर्ववर दारूबंदी असते, बॅगा तपासतात, वाईट वाटून घेऊ नका, तो त्यांचा नियम आहे.

आणि टी-शर्ट. तोरणमाळ यांनी लिहिलं म्हणून आठवलं. इथं ३० सप्टेंबरला सगळे केशरी शर्ट घालतात ना, ते एका बाईंच्या लहानपणामुळे. १९७३ मध्ये त्या सहा वर्षांच्या असताना आजीने घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट घालून निवासी शाळेत गेल्या, पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिला नाही. तेव्हा मुलांना आल्या आल्या अंगातले कपडे काढून कॅम्पचे टी-शर्ट घालायला लावू नका. घरी न्यायला द्या, उद्या घालतील नाहीतर नाही घालणार.

वसईकर | १२ मे

वरील सर्वांना अनुमोदन. आमच्या पॅरिशच्या मुलांचे उन्हाळी कॅम्प मी घेतो, पण ती आमचीच पोरं, त्यांचे आजीआजोबा मला नावाने ओळखतात, चुकलो तर संध्याकाळी घरी येऊन झापतात. परक्या गावात झापणारं कोणी नसतं हाच मोठा धोका. ताई जाऊन आलात तर नक्की लिहा.

नगरकरीण | १७ ऑगस्ट

धागा वर काढतेय. जाऊन आलो, दोघंही.

आधी उत्तरायण दादांच्या प्रश्नाचं उत्तर. चर्चमध्ये विचारलं तर कळलं की पहिल्या वर्षी गावातल्या पाळकांनी बोलावलं होतं, त्यानंतर दरवर्षी आपलं "जायचंच असतं" म्हणून जातायत. मी हट्ट धरला की यंदा विचारा. फोन केला. पाळक तिथलेच आहेत, ते म्हणाले या, पण गोष्ट आमच्यातलं कोणीतरी सांगेल, आणि आज्या बसतील वर्गात. आमच्या टीममध्ये एकदोघांना ते लागलं, ठरलेला कार्यक्रम होता ना. पण गेलो.

विमानाने सव्वा-दीड तास, मग बोटीने. तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि डास, देवा रे. हॉलमध्ये पहिल्या दिवशी चाळीस पोरं, तिसऱ्या दिवशी साठच्या वर.

मला एकच गोष्ट नीट सांगायचीये. बुधवारी क्राफ्टला मण्यांची ब्रेसलेट होती. आमच्या शब्बाथ शाळेतही हे असायचं, आई रंगीत फडक्यांचे तुकडे दाखवून शिकवायची, काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन, हिरवा वाढ, पिवळा स्वर्ग. मी विनिपेगला सोफ्यावर बसून, आईशी फोनवर बोलत बोलत, साठ पुड्या भरल्या होत्या, प्रत्येकीत पाच मणी आणि चामड्याची दोरी. एकदाही मनात काही आलं नाही.

मागच्या बाकावर एक आजी बसायच्या, सगळे त्यांना कोकम म्हणतात. कोकम म्हणजे आजी, आपल्या आमसुलाचंच नाव, मला पहिल्याच दिवशी आवडलं. दर रविवारी चर्चला येणाऱ्या, स्तोत्रांचं पुस्तक इतकं जुनं की कडा गोल झाल्यात. आमच्या टीममधली मुलगी सांगायला लागली, हा काळा मणी म्हणजे आपलं पापाने काळं झालेलं मन. कोकम उठल्या, टेबलाजवळ आल्या, एक पुडी ओतली, हिरवा मणी बाजूला सरकवला आणि उरलेले चार गोल मांडले. पिवळा, लाल, काळा, पांढरा. म्हणाल्या, हे चार आमच्याकडे आधीपासून आहेत. मेडिसिन व्हीलचे, म्हणजे त्यांच्या पवित्र चक्राचे रंग, चार दिशा. मग हळू आवाजात, फक्त आम्हा मोठ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की शाळेत मला सांगायचे, तू काळी आहेस, घाण आहेस, धुतल्याशिवाय देव घेत नाही. मी पाच वर्षांची होते.

ती मुलगी बावीस वर्षांची, तिचे डोळे भरून आले. माझ्या हातात अजून पुड्यांची पिशवी होती. वाटलं जमीन फाटावी, त्या साठ पुड्या मी भरल्या होत्या.

कोकम रागावल्या नव्हत्या. पोरांकडे वळून त्यांनी त्यांच्या भाषेत गोष्ट सुरू केली, मला त्यातलं फक्त "चीसस" कळत होतं, म्हणजे येशू. पोरं जी चुळबुळ करत होती ती गप्प. नंतर पाळकांनी सांगितलं की त्या म्हणाल्या, काळा म्हणजे रात्र, रात्रीच तारे दिसतात, रात्रीच आपण झोपतो आणि देव जागा असतो. मणी सगळ्यांनी ओवले. मी पण ओवला, आत्ता हातात आहे.

शेवटच्या रात्री शेकोटी झाली, गाणी झाली, हात कोणी वर करायला लावला नाही. परत आल्यावर भरायच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, किती मुलांनी येशूला स्वीकारलं. मी तो कोरा ठेवायला लावला. चर्चमध्ये दोन जण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

लेकाचं सांगते. एका बारा वर्षांच्या पोराने त्याला पिकरेल मासा साफ करायला शिकवलं, सुरी कशी धरायची, कल्ल्यामागून कशी घालायची, तीन मासे लेकाने वाया घालवले, पोरगं न हसता दाखवत राहिलं. मी बेसन नेलं होतं, त्यात तिखट-हळद घालून तुकडे तळले, पोरांनी फडशा पाडला. जायच्या आदल्या दिवशी त्या पोराने विचारलं, अजून किती झोपा राहणार? लेक म्हणाला एक. पुढच्या वर्षी येशील? लेकाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, मला माहीत नाही, बारावीनंतर कुठं असेन माहीत नाही. पोरगं म्हणालं, बाकीचे सगळे येतो म्हणतात. आणि मासे धुवायला निघून गेलं.

तोरणमाळ | १७ ऑगस्ट

ताई, वाचलं. मुलाला माझ्याकडून सांगा, बरोबर बोलला.

प्रश्न_आहे | १८ ऑगस्ट

रकाना कोरा ठेवल्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझं मूळ मत बदललेलं नाही, तुमच्या चर्चने तिथं जाऊच नये असं मला अजूनही वाटतं, पण त्या आजींना जाऊ नका म्हणणारा मी कोण, हेही कळतंय.

उत्तरायण | १८ ऑगस्ट

कोकमची गोष्ट वाचून सडबरी आठवलं. १९८६ मध्ये युनायटेड चर्चने आदिवासींची माफी मागितली तिथं, त्या जागी दगडांचा ढीग रचलाय. दोन वर्षांनी वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं की माफी पोचली, स्वीकारली असं नाही म्हणत. तो ढीग मुद्दाम अपुरा ठेवलाय.

पुढे काय ठरलंय ताई?

नगरकरीण | १९ ऑगस्ट

पुढच्या जुलैचा कॅम्प गावातली मोठी मुलं स्वतः घेणार आहेत, पाळकांनी फोनवर सांगितलं, आमच्यापैकी दोघंतिघंच हवेत, तेही भांडी आणि स्वयंपाकाला. आमच्या टीमला हे कितपत रुचेल बघू, मी तर हो म्हणून बसले.

आणि कोकमने बोलावलंय फेब्रुवारीत, विंटर रोड सुरू झाला की. कॅम्प नाही, काही नाही, नुसतं घरी. लेक पण येणार म्हणतोय, मी त्याला अजून त्या पोराला कळवू दिलेलं नाही, रस्ता उघडल्याशिवाय नाही. हल्ली थंडी उशिरा पडते, बर्फ धरला नाही तर रस्ताच होत नाही. बेसन दहा किलो भरायचं ठरलंय, कोकमला भजी कशी करतात ते बघायचंय.